दोनचा भोंगा आणि सतरा गाड्या

दुपारी दोनला पाच कमी असताना खाणीचा भोंगा वाजला की आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या सतरा मोटारगाड्या गादीवर झोपायच्या. गादी कापसाची, वर रजईची घडी. गाड्या प्लॅस्टिकच्या, वीतभर लांबीच्या. एकेक गाडी फळीवरून उतरवायची, दोन गाड्यांमध्ये चार बोटं जागा सोडून गादीवर ठेवायची, आणि खाणीत बार उडून सारं ठीक असल्याचा दुसरा भोंगा झाला की पुन्हा फळीवर चढवायची. रविवार सोडून रोज. आणि हे करणारा मूर्ख मी.

गाड्यांचे मालक दुर्योधनभाऊ रामटेके. नाव ऐकून दचकू नका. गडचिरोलीकडे हे नाव सर्रास ठेवतात, गावात दोन-तीन तरी निघतातच. आमचे दुर्योधनभाऊ म्हणजे पन्नाशीचा, पाच फुटांचा, पालीला वाट करून देणारा माणूस. दारात पाल दिसली की ती जाईपर्यंत हे अंगणात चपला घालून उभे. घरात कुकर होता, पण गॅसवर चढवला की भाऊ बाहेर रस्त्यावर. तिथून शिट्ट्या मोजायचे. बसमध्ये बसले तर समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. भद्रावतीपर्यंत जायचं तरी निघण्यापूर्वी मला घराची किल्ली देऊन, 'येतो गुरुजी' असं काही सांगायचे की मला उगाच गलबलून यायचं.

आणि या माणसाचा धंदा काय? तर खाणीत बार उडवणं. खडकात भोकं पाडलेली असायची, त्यांत दारू ठासायची, तारा जोडायच्या, माणसं लांब पाठवायची, भोंगा द्यायचा आणि बटण दाबायचं. माजरीच्या त्या साऱ्या कॉलनीच्या खिडक्या रोज दोन वाजता खडखडायच्या त्या भाऊंच्या बोटामुळे. म्हणजे ज्या हादऱ्यापासून मी गाड्या वाचवायच्या, तो हादरा द्यायचे हेच.

"भाऊ, तुम्हीच जरा हळू उडवत जा ना," मी एकदा म्हटलं.

"दगडाले हळू समजत नाई, गुरुजी," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

दिवाळीत मात्र कापसाचे बोळे कानात घालून ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. पोरांनी टिकली फोडली तरी दचकायचे. मी हसलो तर म्हणाले, "आपला बार आपल्याले मालूम राह्यते. पोरायच्या बाराचं काय मालूम?"

या गाड्या भाऊंच्या घरी आल्या एका कोंबड्याच्या बदल्यात. खाणीत कसलंसं मोठं यंत्र बसवायला बाहेरदेशचे इंजिनिअर आले होते. त्यातला एक साहेब संध्याकाळी बंगल्यात बसून या गाड्या जोडायचा. त्याच्या लहानपणचे जुने संच होते म्हणे ते; सुटे भाग खोक्यात यायचे, डिंकानं चिकटवून गाडी करायची. साहेबाच्या हातात काही फार कला नसावी. कुठं चाक तिरकं, कुठं दारावर डिंकाचे ओघळ, कुठं रंग असा थापलेला की पोळ्याचा बैल बरा. जाताना त्यानं सगळा पसारा खोक्यात टाकून दिला. माळी ते खोकं चूल पेटवायला नेत होता. भाऊंनी वाटेत अडवलं आणि घरचा कोंबडा देऊन टाकला.

तिथून पुढं त्या गाड्या सुधारणं हे भाऊंचं आयुष्य झालं. गाडी आधी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायची. दोन दिवसांत जुना रंग सालीसारखा सुटतो. मग दात घासायच्या ब्रशनं खरवडायची. मग डिंकाचे जुने जोड ब्लेडच्या पातीनं, जीव मुठीत धरून, उकलायचे. तुटलेला बंपर ब्रशच्या दांड्यातून कोरून काढायचा. काच धूसर झाली तर टूथपेस्टनं घासायची. चकचकीत पट्ट्यांसाठी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. भाऊ स्वतः ओढत नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडं. त्यातही एका ठरावीक सिगारेटचा कागद जाड असतो हे त्यांनी शोधून काढलं. मी सुखानं बिडी ओढत होतो, ती त्यांच्यापायी सुटली आणि महागडं व्यसन लागलं.

गाडीची एरियल करायची म्हणजे प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून तिची केसाएवढी तार ओढायची. या मेणबत्तीसाठी भाऊ एका बाजूला पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला रेतीची बादली ठेवायचे, दार उघडं ठेवायचे आणि मला उंबऱ्यात बसवायचे. मी विचारलं, एवढं कशाला?

"आधी भ्याचं, मंग हात लावाचा," भाऊ म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. गाडीला, गॅसला, खाटेखाली गेलेल्या चपलेला, सगळ्याला हेच. तीस वर्षं दारूत हात घालूनही त्यांची दहा बोटं शाबूत होती, तेव्हा मी वाद घालत नसे.

मी कॉलनीतल्या शाळेत मास्तर. शाळा सकाळची, बायको-मुलं वर्ध्याला, दुपारी मी मोकळा. बदलून आल्याच्या पहिल्याच आठवड्यात भाऊंनी हे हेरलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "भोंगा झाला का गाड्या उतरवून द्याल का, गुरुजी? लय नाजूक आहेत. पडल्या का गेल्या." मला वाटलं चार-आठ दिवसांचं काम असेल.

सांगायला लाज वाटते, पण त्या गाड्यांना मी परीक्षेपेक्षा जास्त भ्यायलो. एकदा एका हिरव्या गाडीचा बाजूचा आरसा, तिळाएवढा, माझ्या बाहीला अडकून तुटला. मी घामाघूम. घरी नेला, कणकेच्या खळीनं चिकटवायला बसलो, तर तो बोटालाच चिकटला. संध्याकाळी भाऊंनी दारातूनच फळीकडं पाहिलं आणि माझ्यासमोर तळहात धरला. मी गुपचूप आरसा काढून दिला. ते लगेच तो चिकटवायला बसले. रात्रभर मला झोप नाही.

सगळ्यांत जास्त भीती निळ्या गाडीची. ती लांबलचक, मागं माशासारखे दोन पर असलेली जुनी विलायती गाडी. तिच्यावर भाऊ वर्षभर खपत होते. सगळं झालं होतं, फक्त मागच्या दिव्यांचे दोन लाल ठिपके राहिले होते. लाल रंग मिळेना. कोनाड्यात नेलपेंटची अर्धी बाटली होती, लालभडक. मी म्हटलं, "हे काय, हे लावा की."

"थे नाई," भाऊ म्हणाले. एवढंच. मला भद्रावतीच्या बाजारातून दुसरी आणायला लावली, ती गुलाबी निघाली, आणि गाडी तशीच राहिली.

भाऊंची बायको सुशीलाबाई मी यायच्या दोन वर्षं आधी मलेरियानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल ते बोलत नसत. ज्या फळीवर गाड्या होत्या तिच्याखाली कपबश्या टांगायचे सात हूक अजून होते, बस.

आता त्या दिवसाचं सांगतो. शाळेत तपासणीला साहेब आले होते. एक वाजता जायचे, ते पोहे खात, चहा पीत, मुलांना पाढे विचारत बसले. दोनला पाच कमी असताना भोंगा झाला. साहेब सतराचा पाढा ऐकत होते. मला उठता येईना. माझ्या डोळ्यांपुढं सतरा गाड्या फळीवरून एकेक उड्या मारत होत्या. शेवटी 'पोट बिघडलं' म्हणून सांगून मी पळत सुटलो. अर्ध्या वाटेत असताना पायाखालची जमीन हलली. बार झाला. निळी गाडी गेली, आता भाऊंना काय तोंड दाखवू?

कुलूप उघडलं. गाड्या फळीवर होत्या. सतराच्या सतरा. एकही तसूभर सरकली नव्हती.

मी जवळ गेलो. फळीत चाकांपुरत्या खाचा होत्या, त्या मला माहीत होत्या; गाड्या रांगेत दिसाव्यात म्हणून असतील, असं मी समजत होतो. खाली वाकून पाहिलं तर फळी भिंतीला नुसती ठोकलेली नव्हती. डंपरच्या ट्यूबचे जाड रबरी तुकडे मध्ये घालून बसवलेली होती. खिडक्या खडखडल्या तरी हिला पत्ता लागणार नाही अशी. हे काम भाऊंचंच, दुसऱ्या कुणाचं असणार? म्हणजे भाऊंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला असा संताप आला म्हणता. दीड वर्ष या माणसानं मला नाचवलं, माझी दुपारची झोप खाल्ली, सिगारेटचं व्यसन लावलं. आज येऊ द्या, म्हटलं.

मग लक्षात आलं, दुसरा भोंगा झाला नव्हता.

एरवी दहा मिनिटांत व्हायचा. घड्याळात अडीच होत आले होते. मी बाहेर आलो. बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. समोरच्या मेश्रामबाईंचा नवरा डंपरवर होता. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, दुसरा भोंगा झाला काजी? म्या आयकला नसन."

"नाही झाला," मी म्हटलं. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि खाणीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मला तिथं उभं राहवेना. साधी भीती वाटली. मी परत आत आलो. रिकामं घर, कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, फळीवर त्या गाड्या. काय करावं कळेना. म्हणून मी एक गाडी उचलली आणि गादीवर ठेवली. मग दुसरी. पडणार नाहीत हे मला नुकतंच कळलं होतं. तरी उतरवत गेलो, चार चार बोटं सोडून. हात कामात होते तेवढा वेळ श्वास नीट येत होता. सतरा संपल्या तेव्हा पुन्हा पहिलीपासून चढवायला लागलो, आणि चढवून झाल्यावर पुन्हा उतरवायला. तिसऱ्या खेपेला, पाऊण तासानं, भोंगा झाला. बाहेर कुणीतरी रडायला लागलं, ते बहुतेक मेश्रामबाई. मी गादीच्या कडेवर बसून राहिलो.

भाऊ पाच वाजता आले, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरे. हातपाय धुतले, खाटेवर टेकले.

"एक भोक उडलं नाई," म्हणाले. "अर्धा तास वाट पाहा लागते. मंग जाऊन पाहा लागते."

"कोण गेलं बघायला?"

"मी. दुसरं कोण जाईन?"

"भेव नाही वाटलं?"

"लय वाटलं," भाऊ म्हणाले. मग गादीकडं पाहिलं. "आज उलट्या रांगेनं उतरवल्या तुमी."

माझा राग कुठल्या कुठं गेला होता, पण विचारल्याशिवाय राहवेना. "भाऊ, या गाड्या पडत नाहीत."

त्यांनी ओल्या पंच्यानं मान पुसली.

"नाई पडत," म्हणाले. "सुशीलेचे भांडे बी नाई पडे. थ्या फळीवर तिचे भांडे राहे. भोंगा झाला का थे सारे उतरवून खाली ठेवे. म्या दहा खेपा सांगतलं, अवो, नाई पडत, फळीले रबड लावलं म्या. तं थे म्हणे, मले मालूम आहे. पण बसून राहिली तं भेव लागते." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "तिकडं बटनावर हात ठेवला का मले दिसे, आता तिनं कढई उतरवली. आता दुधाचा गंज. आता कपबश्या. थे सारं झालं असन मंगच मी दाबो."

मी फळीखालच्या त्या सात हुकांकडं पाहिलं.

"थे गेली तं हात बटनावर जाये, पण दाबाले लय वेळ लागे. घरात कोणीच नाई भेणारं. तुमी आले तं बरं झालं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमाले खोटं सांगतलं म्या. आता नाई आले तरी चालन."

"किल्ली माझ्याकडंच राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळानं उठून कोनाड्यातली नेलपेंटची बाटली काढली. आत रंग घट्ट झाला होता. भाऊंनी दोन थेंब थिनर टाकलं, काडीनं ढवळलं आणि निळ्या गाडीच्या मागं दोन ठिपके लावले. एक ठिपका जरा मोठा झाला. तो त्यांनी पुसला नाही.

पुढं तीन वर्षं मी तिथं होतो. भोंगा व्हायच्या आधीच जाऊन बसायचो. सोळा गाड्या गादीवर ठेवायचो. निळी मात्र दुसरा भोंगा होईपर्यंत मांडीवर घेऊन बसायचो.