शिंपीमास्तरांची डायरी-मोहीम

मंडळी, हातातलं काम ठेवा, जरा सरकून बसा. मास्तरांनी डिजिटल डायरी कैसी जिंकली ती हकीकत सांगतो, मध्ये कोणी खोकू नका.

शिंपीमास्तर, कात्रीबहाद्दर, टेपधारी, यांचे दुकान दहा बाय बाराचे, त्यात शिलाईयंत्रे दोन, एकावर मास्तर आणि दुसऱ्यावर काजबटणांच्या सरलष्कर मास्तरीणबाई, आणि मधल्या फळीवर रेडिओ, ज्याचे बटण बारा वर्षे बाईंच्या अमलाखाली. दिवसभर त्यातून सासूसुनांची भांडणे चालत आणि मास्तरांचा जीव जुन्या गाण्यांसाठी कासावीस होई. मग मास्तरांनी जाहीर केले की, पत्ते-तारखा ठेवणारी, हातात मावणारी डायरी आता गाणीही वाजवते, ती आणतो. त्यावर बाईंचे फर्मान सुटले: "आणा की. पण संध्याकाळपर्यंत काम करताना वाजली नाही, तर जन्मभर रेडिओबद्दल तोंड उघडायचं नाही!"

पैज कबूल जाहली आणि स्वारी बाजारात दाखल जाहली. तेथे काचेआड तीन डायऱ्या सरदारांसारख्या ठाण मांडून होत्या. विक्रेतीने अर्ज केला की, पहिलीत गाणी उदंड मावतात, दुसरीचा पडदा रंगीत, तिसरीचे सगळेच बेताचे. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि तिन्ही सरदारांची उंची, रुंदी, जाडी घेतली.

"अहो काका, मेमरी बघा, मेमरी!"

"माझी मेमरी ठणठणीत आहे, पोरी. खिसा सव्वाचार इंची आहे."

मग तिसरी खिशात अशी चपखल बसली की जणू अंगावरच बेतली. तीत साठ गाणी भरून घेऊन मास्तर विजयी मुद्रेने परतले, आणि तेथेच घात जाहला. कानात घालायच्या वायरीचे भोक निघाले डायरीच्या कुशीला! पिन खुपसावी तर डायरी खिशात शिरेना, आणि फळीवर ठेवावी तर यंत्राच्या थरथरीने सरकत काठावर येई.

"गिऱ्हाइकाला हात पसरायला लावून माप घेता," बाई वदल्या, "आणि हिचं वायरीशिवाय घेतलंत होय?"

दिवस कलला. खिशाच्या कडेला काज पाडावे, हा एकच इलाज. परंतु काज हे बाईंचे वतन, मास्तरांनी पाडले तर उंदराने कुरतडल्यासारखे दिसे. मग मास्तर शर्ट काढून, बनियनवर, शत्रूच्या छावणीत गेले.

"एवढं एक काज पाडून दे ना गं."

"आणि मला काय?"

तह जाहला: एक कान मास्तरांचा, एक बाईंचा, आणि गाणे आळीपाळीने ज्याच्या-त्याच्या पसंतीचे. काज पडले, पिन आरपार गेली, गाणे लागले, आणि तिसऱ्या गाण्याला बाईंनी आपल्याच हाताने रेडिओ बंद केला. वायर आखूड, सबब मधली फळी निघाली आणि दोन्ही यंत्रे खेटून बसली. येणेप्रमाणे मास्तरांची फत्ते जाहली, ऐसे मास्तर सांगतात, आणि बाई गालात हसतात.

आता तुमच्याकडे एकच मागणं. त्या दुकानी गेलात तर हाका मारू नका. दोघांचा एकेक कान मोकळा आहे खरा, पण गाणं लागलं की तोही त्यांचा नसतो. कापड ठेवा, माप चिठ्ठीवर लिहा, आणि दार हळूच लोटून या.