गिअरवरचं पातेलं

मधलं कव्हर बसेना, तेव्हा सहादेव गर्जेने ते आधी हाताने दाबलं, मग पायाने दाबलं, आणि शेवटी केविन साळवेला त्याच्यावर बसायला सांगितलं. केविन बसला. कव्हर एका अंगाने खाली गेलं आणि दुसऱ्या अंगाने वर आलं. केविन उठून दुसऱ्या अंगावर बसला, तेव्हा उलटं झालं.

मधलं कव्हर म्हणजे जीपच्या पुढच्या दोन सीटांमधला पत्र्याचा उंचवटा. त्याच्या पोटात गिअरबॉक्स असतो आणि वरच्या भोकातून गिअरचा दांडा बाहेर येतो. सहादेवची जीप जुन्या काळची, तीन गिअरची. तिच्या गिअरबॉक्सचे दात झिजून गेले होते आणि तसले दात आता नगरच्या भंगार बाजारातही मिळत नव्हते. मिळाला तो चार गिअरचा बॉक्स, नंतरच्या काळातल्या एका जीपमधून काढलेला. केविनची पाथर्डीत खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याची शेड होती आणि शाळेपासूनची मैत्री असल्यामुळे सहादेवच्या प्रत्येक उद्योगात तो असायचाच. त्याने बोल्टची भोकं जुळवून पाहिली, जुळली, आणि भोकं जुळली म्हणजे सगळं जुळलं असं जाहीर केलं. बॉक्स बसलासुद्धा. पण नवा बॉक्स जुन्यापेक्षा उंच निघाला आणि लांबही निघाला. दांडा आता चार बोटं मागून वर येत होता. जिथे भोक होतं तिथे दांडा नव्हता आणि जिथे दांडा होता तिथे भोक नव्हतं.

एरवी सहादेवने हे काम सावकाश केलं असतं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तारेचा एकेक वेढा मोजून घालणारा माणूस तो. पण या वेळी घाई होती. आप्पासाहेब बडे रविवारी संध्याकाळी गाव सोडून चाकणला मुलाकडे राहायला जाणार होते, आणि जाण्याआधी त्यांना या जीपच्या स्टिअरिंगवर बसवायचं सहादेवने मनाशी ठरवलं होतं.

जीप मुळात आप्पासाहेबांचीच. उमेदीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी ती डोंगरावरच्या वस्त्या आणि पाथर्डी यांच्यामध्ये चालवली होती. सहादेवच्या जन्माच्या दिवशी त्याचे वडील कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले होते. त्याच्या आई, रतनबाई, घरी एकट्या, भर दुपारची वेळ, आणि बाळ आडवं आलेलं. आप्पासाहेब जेवत्या ताटावरून उठले आणि रतनबाईंना जीपमध्ये घालून त्यांनी घाटाने पाथर्डीच्या दवाखान्यात नेलं. थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. रतनबाई ही हकिकत लग्नाकार्यात, बारशाला, कुणी नवीन पाहुणा आला तर त्याला, अशी सांगत आल्या होत्या. त्यांच्या सांगण्यात जीपची चाकं घाटात जमिनीला टेकतच नसत.

सहादेव दर दिवाळीला आप्पासाहेबांकडे फराळाचा डबा घेऊन जायचा. पण एका जिवाच्या बदल्यात करंज्या, हे त्याला स्वतःलाच कसंसं वाटायचं. त्यात एका दिवाळीला त्यांच्या घरामागच्या बाभळीखाली त्याला ती जीप दिसली. ती त्याने मागितली. आप्पासाहेबांनी लगेच देऊन टाकली. फक्त आत एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती, ती उठेपर्यंत थांब म्हणाले. सहादेव थांबला.

तर आता ते कव्हर. केविनने खडूने गोल काढला आणि ग्राइंडरने कव्हरला नवीन भोक पाडलं. दांडा त्यातून झकास वर आला. सहादेवने पहिला गिअर टाकला, तर दांडा भोकाच्या कडेला अडला. माप घेताना गिअर न्यूट्रलला होता, हे तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. भोक पुढच्या बाजूने वाढवलं. पहिला पडला, दुसरा अडला. मागून वाढवलं. मग तिसऱ्यासाठी उजवीकडून, रिव्हर्ससाठी डावीकडून. फोर-व्हीलचा छोटा दांडा राहिलाच होता, त्याच्यासाठी कोपरा कापला. सगळे गिअर पडू लागले तेव्हा कव्हर म्हणून जे उरलं होतं ती नुसती चौकट होती, आणि तिच्यातून खालचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

केविनचं म्हणणं पडलं की आता वरून एखादी घुमटासारखी वस्तू पालथी घालायची आणि कडेने रिव्हेट मारून टाकायचे. घुमटासारखी वस्तू कोणती, यावर दोघांनी विचार केला. घमेलं पसरट पडलं. बादली अरुंद पडली. सहादेव घरात पाणी प्यायला गेला आणि माळ्याकडे बघत जरा जास्तच वेळ पाणी पीत राहिला.

माळ्यावर त्याच्या बायकोचं, अश्विनीचं मोठं पातेलं होतं. अॅल्युमिनियमचं, जाड बुडाचं, तिच्या माहेराहून आलेलं. अश्विनी कापूस वेचायला शेतात गेली होती. विचारायला तिथवर जावं तर उजेड जाईल, असं सहादेवने स्वतःला पटवलं. पातेलं पालथं ठेवलं तर असं बसलं, की जणू कारखान्याने जीपबरोबरच द्यायचं ते चुकून तिच्या माहेरी पाठवलं होतं. बुडाला दांडा सगळीकडे फिरेल एवढं भोक पाडलं, आतून जुन्या ट्रॅक्टरच्या ट्यूबचं जाड रबर लावलं, रिव्हेट मारले. चारही गिअर पडले. केविनने हात जोडून आकाशाकडे पाहिलं आणि घरी गेला.

शनिवारी सकाळी अश्विनीने माळ्यावर चढून विचारलं की पातेलं कुठे आहे. आप्पासाहेब आणि त्यांच्या घरच्यांना तिने रविवारी जेवायला बोलावलं होतं, पुरणपोळीचा बेत होता, आणि एवढ्या माणसांची आमटी त्या पातेल्याशिवाय होणार नव्हती. सहादेव तिला जीपकडे घेऊन गेला.

अश्विनीने पालथ्या पातेल्याकडे पाहिलं. बुडातून वर आलेल्या दांड्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "हे काढून भोक बुजवता येईल का?"

"येईल," सहादेव म्हणाला, "पन मग जीप चालनार न्हाई."

ती घरात निघून गेली. ती ओरडली असती तर सहादेवला बरं वाटलं असतं. तो दुकानात जाऊन बसला आणि एकाच मोटरला दोनदा उलटी तार गुंडाळली. दुपारी घरी आला तर अश्विनी जीपमध्ये बसलेली. मांडीवर गोधडीचे तुकडे, तोंडात दोरा. ती पातेल्याला मापाने आच्छादन शिवत होती.

सहादेवने अवघडून सांगितलं की विचारायला हवं होतं, चुकलंच.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "पन ते आप्पा त्या दिवशी जेवत बसले असते, तर मी कुनाच्या घरात आले असते? त्यांच्या पायी एक पातेलं गेलं तर जाऊ द्या. नुसतं असं उघडं नका नेऊ. माझ्या माहेरचं नाव जाईल."

आमटीसाठी तिने शेजारच्या लंकाबाईंकडून दोन लहान पातेली आणली. सहादेवने तिला सुया ओवून दिल्या. त्याला खूप काही म्हणायचं होतं. पण त्याच्याने एवढंच म्हणवलं की टाके छान आलेत.

रविवारी आप्पासाहेब घरच्यांच्या आधीच आले. अंगात पांढरा सदरा, हातात काठी. जीपभोवती त्यांनी एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला. सहादेवने त्यांच्या कोंबडीची चौकशी केली. मग सहादेवने त्यांना स्टिअरिंगवर बसवलं, शेजारी स्वतः बसला, मागे रतनबाई आणि केविन. सहादेवने नवे गिअर समजावून सांगितले. जुन्या जीपमध्ये डावीकडे वर ढकललं की रिव्हर्स पडायचा. नव्यात तिथे पहिला आहे, आणि रिव्हर्स त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला. आप्पासाहेबांनी मान डोलावली. गिअर शिकवणारा हा पोरगा आपणच दवाखान्यात पोचवला, असा काहीसा भाव त्यांच्या तोंडावर होता.

जुन्या सवयीने जीप दुसऱ्यावरच उचलून निघाली, हिसका देऊन निघाली, पण निघाली. डांबरी रस्त्यापर्यंत गेली, वळली, परत आली. आप्पासाहेबांची पाठ ताठ झाली होती. वाटेत लोक थांबून बघत होते आणि ते एका बोटाने सगळ्यांना रामराम करत होते. सहादेवला वाटलं, झालं, आपलं काम झालं.

अंगणात त्यांनी जीप कडब्याच्या गंजीसमोर थांबवली. आता मागे घेऊन फाटकाशी लावायची होती. आप्पासाहेबांनी मान मागे वळवली, दांडा डावीकडे वर ढकलला आणि रुबाबात क्लच सोडला. सगळी मागे बघत होती आणि जीप पुढे गेली. सरळ गंजीत शिरली. वरच्या पेंढ्या घसरून बॉनेटवर आल्या, काचेवर आल्या, आणि आत एकदम संध्याकाळ झाल्यासारखं झालं. आप्पासाहेबांनी सवयीने क्लच आणि ब्रेक दाबून धरले. इंजिन चालूच होतं.

कुणाला काही लागलं नव्हतं. केविनने डोक्यावरचा कडबा काढला. सहादेवचं तोंड उतरलं. ज्या माणसाला मान द्यायचा, त्यालाच आपण चारचौघांत गंजीत घातलं. तो माफी मागायला वळला, तर आप्पासाहेब डावा पाय गोधडीला टेकवून, तसाच क्लच दाबून, विचारात पडले होते.

"सहादेव, हे गार कसं काय?"

सहादेवने पातेलं, रबर, गोधडी, सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी धोतर जरा वर सरकवलं. पोटरीवर, बरोबर कव्हरला लागते त्या जागी, कातडी काळी पडून चामड्यासारखी झाली होती.

"हे ह्या जीपचं देनं. गरम वारा आत यायचा. क्लच दाबला की भाजायचं. जल्मभर चालवली, पन आज पयल्यांदा क्लचवर पाय ठिऊन सुखानं बसलोय."

मागून रतनबाई म्हणाल्या की काहीही असो, त्या दिवशी याच जीपने जीव वाचवला, आप्पांनी घाटात विमान केलं होतं हिचं. गाव सोडायच्या दिवशी खोटं घेऊन जाऊ नये असं आप्पासाहेबांना वाटलं असावं.

"रतन, त्या दिवशी कव्हरचे स्क्रू पडले हुते. कव्हर बाजूला सरकलेलं. घाट लागला आन् पायाला असा चटका बसला की मी पाय उचलून वर डॅशबोर्डला लावला. गेर कमी करायचा तर क्लच दाबावा लागनार, आन् क्लच दाबायला पाय खाली न्यावा तर भाजतंय. म्हनून मोठा गेर तसाच ठिवला. मी न्हाई पळवली ती. ती पळत गेली."

इंजिन घरघरत होतं. रतनबाईंची एवढ्या वर्षांची गोष्ट त्यांच्यासमोर उघडी पडली होती.

"म्हंजी तुमी माझ्यासाठी न्हवता पळवत?"

"तुझ्यासाठी निघालो हुतो," आप्पासाहेब म्हणाले. "पळाली ती पायामुळं."

सहादेवने विचारलं, "मग आप्पा, थांबला का न्हाई? थांबून कव्हर नीट लावता आलं असतं."

"थांबलो असतो तर पुन्हा चालू झाली नसती. सेल्फ बंद हुता. धक्का कोन मारनार, तुझी आय?"

केविन आधी हसला. मग रतनबाई हसू लागल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सहादेव मात्र त्या काळ्या पोटरीकडे बघत होता. ताटावरून उठलेला माणूस, वर उचललेला एक पाय, सुटलेली जीप, आणि मागे कळा देणारी बाई. आईच्या गोष्टीतल्या विमानापेक्षा त्याला हे जास्त मोठं वाटलं. आपण आहोत ते काही पडलेल्या स्क्रूंमुळे आणि एका माणसाच्या भाजलेल्या पायामुळे, हे कळून त्याचं मन भरून आलं. जागा अडचणीची होती तरी तो वाकला, गोधडीवरून हात खाली घातला आणि त्याने आप्पासाहेबांचा डावा पाय दोन्ही हातांत धरला.

"अरे, पाया मागनं पड," आप्पासाहेब म्हणाले, "जीप गेरमधी हाय."

पण तोवर डावा पाय क्लचवरून आणि त्या ओढीत उजवा ब्रेकवरून सुटला होता. जीपने आणखी एक उडी घेतली आणि गंजीत पार शेपटापर्यंत शिरली, आणि उरलेली गंज वरून ढासळली. या खेपेला इंजिनही बंद पडलं. अश्विनी पोळीचं उलथणं हातात घेऊन बाहेर धावत आली. अंगणात जीप दिसत नव्हती. नुसता कडबा हलत होता आणि त्याच्या आत चार माणसं पोट धरून हसत होती.