अक्कांचा अर्धा तास

शकुंतला अक्का आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कुणाला रामराम केला नाही. उंबऱ्याशी वाकल्या, आईनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं पायपुसणं दोन बोटांत उचललं आणि सरळ रस्त्यावर भिरकावलं. मग म्हणाल्या, "हं, आता बोल. कशी शेस माय?"

आई माझ्याकडे बघू लागली. मी भिंतीकडे.

मी लातूरकडचा. सातवीत शाळा सोडली, आता जळगावात डाळ मिलमध्ये कामाला, पिंप्राळ्यात खोली. गावाकडे कुणी उरलं नाही म्हणून आईला आणलं, तर महिन्याभरात उठताना तोल जाऊन हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी मिलमध्ये पेढे वाटले. संपलं एकदाचं!

"संपलं?" अक्का कडाडल्या. "भाऊ, मनगटानं नुसता निरोप धाडलाय. आता काही केलं नाही तर पुढची पाळी खुब्याची. मग माय पलंगावर, आणि तू उशाशी!"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अक्का म्हणजे हाडांच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. निवृत्त झाल्या, पण डॉक्टरांनी याच कामासाठी परत बोलावलं. पन्नाशीपुढचं कुणी साधं पडून हाड मोडून आलं, की नाव त्यांच्या यादीत. मग सुटका नाही. हाडांची तपासणी, गोळ्या, डोळ्यांचा नंबर, चपलेचा तळ, सगळं बघणार. धुळ्याचा पेशंट असला तर फोनवर खडसावणार. भरदिवसा बॅटरी लावून पलंगाखालची वायर शोधणार. मेहरूणला एका शेठजींच्या बंगल्यात संगमरवर बघून म्हणाल्या, "हाई फरशी शे का घसरगुंडी?" शेठाणी फुगल्या, पण न्हाणीघरात धरायला दांडी बसली. आमच्या चौकातले रिक्षावाले त्या दिसल्या की ओरडतात, "अक्का आल्या रे, जपून चाला!"

आईला ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी दिली होती. दर मंगळवारी, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. मी दर मंगळवारी मिलमधून फोन करायचो. "घेतली?" "व्हय, लेकरा."

एकदा देव्हारा पुसायला गेलो तर देवीच्या टाकापुढे हळदकुंकू वाहिलेल्या सहा गोळ्या!

"मंगळवार देवीचा," आई म्हणाली. "पूजेआधी पाणी कसं पिऊ? म्हणून तिलाच वाहिल्या."

अक्कांना कळवलं ते घाबरतच. त्या आल्या, गोळ्यांकडे बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी आधी देवीला हात जोडले, मग कपाळावर हात मारला.

"चूक माझी. वार कोणता चालेल ते मी विचारलंच नाही." तिथूनच डॉक्टरांना फोन केला, बुधवार ठरला. "मी स्वतः येईन. बघते कशी आडवी होतेस!"

बुधवारी सकाळी खरंच आल्या. मीही दर बुधवारची दुपारपाळी मागून घेतली होती. आईनं गोळी घेतली, दोघी ताठ बसल्या. मग आईनं विचारलं, "अक्का, तुम्हीबी घेत असाल की?"

अक्का आपलं मनगट चोळू लागल्या.

"माझंही मनगट मोडलेलं, दोन वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. "गोळ्या आणून ठेवल्यात. पण रिकाम्या घरात अर्धा तास नुसतं बसवत नाही हो माय."

"मग पुढल्या बुधवारी उपाशीच या," आई म्हणाली. "डॉक्टरला इचारून."

तेव्हापासून दर बुधवारी दोघी आमच्या बाकावर दोन पेले घेऊन बसतात. लातूरची भाषा, खान्देशची भाषा, गल्लीतल्या सुनांच्या, शेजारणींच्या गोष्टी. पाऊण तास होऊन जातो, आई चहा टाकायला उठू लागते. अक्का तिचा हात धरतात. "बस माय, अजून पाच मिनिटं बाकी शेतस."

समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.