आसिस्क्लोरावांनी भात उतरविला त्याची हकिकत

कढईतील तेल मध्य सोडोन पूर्वेस सरकले होते, ते मोजता पुरती दोन बोटे भरली. कढई लोखंडी, दोन कानांची, दीड हात रुंद. तिवई तिच्याखाली भक्कम. आंगणाची फरशी जुनी. फरशीस उतार आहे म्हणावे तर डोळ्यांस दिसत नव्हता आणि लिंबू ठेविले तर जागचे हलत नव्हते, परंतु तेल खोटे बोलत नाही. जिकडे तेल, तिकडे भात करपणार. जिकडे तेल नाही, तिकडे तो कच्चा राहणार. पुढील सर्व प्रसंग या दोन बोटांपासोन वाढीस लागला, म्हणोन प्रथम त्यांची नोंद केली.

आता मुळापासोन. कोर्दोबा शहराचा रखवाला देवदूत राफाएल, त्याचा सण आक्टोबराचे चोविसावे तारखेस येतो. त्या सुमारास शहर रिते होते, आणि लहानथोर रानात घर भाड्याने घेऊन राहतात, आणि सणाचे दिवशी उघड्यावर कढईत भात करितात. ताटे मांडीत नाहीत. सर्वांनी कढईभोवती उभे राहावे, एक चमचा घ्यावा आणि एक पाऊल मागे हटावे, म्हणजे दुसऱ्यास वाट होते. जो मागे हटत नाही तो अधाशी म्हणविला जातो. आणि भात पुरुषाने करावा ऐसी वहिवाट आहे. भात करणे म्हणजे नेमके काय, याचा खुलासा पुढे आपोआप होईल.

या हकिकतीचे नायक सरदार आसिस्क्लोराव, वय एकसष्ट, मोटार शिकविण्याच्या शाळेचे धनी. त्यांच्या गाडीत शिकविणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चाक धरोन बसतो, वेळेवर गाडी थांबते, आणि शिकणाऱ्यास वाटते की आपण थांबविली. चौतीस वर्षे सरदारांनी हा चमत्कार रोज घडविला आणि त्यावरोन काही बोध घेतला नाही.

त्यांचे कुटुंब फुएन्सान्ताबाई, शाळेच्या कचेरीत कारकून. लग्नास एकतीस वर्षे जाहली. एकतीसही वर्षे राफाएलाचा भात सरदारांनी केला आणि टाळ्या घेतल्या. त्यातील गुह्य ऐसे. भात चुलीवर असता सरदार दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करोन बाईंकडे पाहत. त्यांचा समज ऐसा की, बाई आपला पराक्रम पाहते की नाही याची आपण खातरजमा करितो. बाईंनी ओचा-पदर काही नसता आपल्या एप्रनास हात पुसला म्हणजे सरदार मीठ टाकीत. बाईंनी केस कानामागे सारले म्हणजे जाळ ओढीत. बाईंनी डाव्या कानातील डूल चाचपले म्हणजे कढई उतरवीत. हा इशारतीचा कायदा कोणी ठरविला नव्हता, कोणी लिहिला नव्हता, आणि सरदारांस तर तो ठाऊकही नव्हता.

बुधवारी दोन प्रहरी फौजेने कूच केले. सरदार आणि बाई पुढील गाडीत. मागील गाडीत कन्या आरासेली आणि तिचे यजमान अमादेउ, हे वालेन्सियाचे, जो मुलूख या कढईभाताचे माहेर म्हणवितो, म्हणजे भाताच्या बाबतीत परमुलुखाचे वकील. आणि बाईंचे बंधू बार्तोलोमेराव, ज्यांस सर्व विषयांतील सर्व ठाऊक आहे. कार्काबुए गावाच्या पलीकडे, जैतुनाच्या झाडांत, डोंगराच्या कुशीस मुक्काम पडला.

घराच्या जाहिरातीत लिहिले होते की, मुदपाकखाना सर्व सरंजामानिशी सिद्ध आहे. बाईंनी मोजदाद घेतली, ती येणेप्रमाणे: काटे चार, ताटल्या सहा, पैकी एक फुटकी, सुरी एक, जिने टोमॅटो कापू जाता टोमॅटो चेपला आणि कापला मात्र गेला नाही, बाटलीची बुचे काढण्याची हत्यारे पाच. याखेरीज भिंतीवर मालकाचे फर्मान, कलमे अठरा. बाई ऐसी घरे जाणोन होत्या. त्यांनी आपली सुरी टॉवेलात गुंडाळोन आणिली होती, आणि मीठ, आणि भांडी घासण्याचा चोथा, आणि कोंबडीचे आटविलेले पाणी दोन बरण्या, आणि तांदूळ.

सरदारांनी कढई आणि पळी आणिली होती.

आता बाईंच्या मनातील मसलत सांगणे अवश्य. पाच वर्षे त्यांच्या पोटात एक गोष्ट होती: सणाचे हे चार दिवस एकदा तरी समुद्रावर काढावे. धाकटी बहीण विसी हिने पुढील सणाकरिता चिपिओना गावी हॉटेलात एक खोली धरिली होती, खिडकी दर्यावर, पलंग दोन, न्याहारी दुसऱ्याने मांडलेली. हॉटेलवाल्यांनी शनवारी चार वाजेतोवर मुदत दिधली होती. तोवर होय कळविले नाही तर खोली दुसऱ्यास जाणार. विसीने निक्षोन सांगितले की, आधी नवऱ्यास सांग, मग मला होय म्हण. गेल्या खेपेसारखे आधी होय आणि मागाहोन नाही, हे चालणार नाही.

त्या घरी फोनास आवाज येत नव्हता. फक्त आंगणापलीकडील खळ्याच्या कोपऱ्यात, बिहीच्या झाडाखाली, एक हात झाडास टेकला असता येई. गुरुवारी बाई तेथे गेल्या.

"सांगितलंस का गं?" विसीने विचारिले.

"आत्ता कसं सांगू? गाडी चालवून दमलाय तो."

"काल चालवली ना गाडी! आज काय करतोय?"

"झोपलाय."

"आणि तू?"

"कांदे चिरतेय."

"ताई, पाच वर्षं तू कांदेच चिरतेयस."

शुक्रवारचे रात्रीचे जेवण बाईंनी रांधिले, जैसे बुधवारचे आणि गुरुवारचे. बाई लसूण सोलीत उद्याची तयारी करीत बसल्या असता सरदारांनी पेला उचलोन जाहीर केले, "हे घर घेतो ना, ते खरं फुएन्सान्तासाठी. वर्षभर राबते बिचारी. इथं चार दिवस तिला आराम. भात मी करतो."

बार्तोलोमेराव म्हणाले, "तुझ्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं."

"आईला विचारा की एकदा," आरासेली बोलली.

"काय विचारायचं? बसलीये ना निवांत!" सरदार म्हणाले.

बाईंच्या हातातील पाकळी तेवढी क्षणभर थांबली. मग त्यांनी ती सोलली, आणि मग पुढली सोलली, आणि एकंदर बावीस सोलल्या.

शनवारी सूर्य डोक्यावर येताच मोर्चे लागले. जैतुनाची लाकडे रचिली, तिवई मांडिली, कढई चढविली, तेल ओतिले. आणि तेल पूर्वेस पळाले. सरदारांनी शर्थ केली. बार्तोलोमेरावांनी सल्ला दिधला की, पश्चिमेचा पाय उचलावा, उचलिला, तेल दोन बोटांवरोन चार बोटांवर गेले.

"म्हटलं होतं मी, अजून थोडा उचल."

"मेव्हण्या, गेल्या वर्षी पण तू हेच म्हणालास, आणि कढई माझ्या पायावर आली."

"ती तुझ्या पायाची चूक."

"पापा, पाणी ज्या बाजूला जातं ती बाजू खाली असते," आरासेली बोलली.

"हे तेल आहे, पाणी नाही," बार्तोलोमेरावांनी शास्त्रार्थ केला. अमादेउ वकिलांनी आकाशाकडे पाहिले. आपल्या मुलुखात यावर काय म्हणतात, हे बोलण्याची सासरी सोय नव्हती.

ऐसा पाऊण तास लोटला. मग फुएन्सान्ताबाई मिरच्यांचे घमेले घेऊन जात होत्या, त्यांनी वाटेतील कौलाचा एक कपचा पायाने सरकवोन पूर्वेच्या पायाखाली घातला आणि न थांबता पुढे गेल्या. तेल मध्यास आले आणि तेथे गोल राहिले.

"बघितलंत?" सरदार म्हणाले. "धीर धरला की सगळं होतं."

त्याउपरी बाईंनी कोंबडीचे तुकडे केले, फासळ्या साफ केल्या, कांदा, मिरची, टोमॅटो चिरोन दिधला, आटविलेले पाणी ऊन करोन आणिले, केशर खलिले, तांदूळ मोजले. सरदारांनी हे सर्व एकेक करोन कढईत टाकिले आणि पळी फिरविली. बार्तोलोमेरावांनी न विचारता अर्धी बाटली बिअर ओतिली; अमादेउ वकील उठोन जैतुनाच्या झाडामागे गेले आणि काही वेळाने शांत होऊन परतले. तीन वाजोन वीस मिनिटांस तांदूळ पडले.

त्या समयी बाई सरदारांजवळ गेल्या.

"आसिस्क्लो, एक बोलायचं होतं. दोन मिनिटं."

"आत्ता? भात टाकलाय गं! भात कुणासाठी थांबतो का? जरा पाव कापून ठेव, तोवर होतोच आहे."

बाईंनी पाव कापिला. तो टोपलीत घातला, टोपलीवर फडके घातले. मग नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. मग एप्रन सोडोन खिळ्यास अडकविला. हा एप्रन चार दिवसांत जागेपणी प्रथमच अंगावेगळा जाहला, परंतु याची दखल कोणी घेतली नाही. मग बाईंनी खुर्ची उचलिली, भिंतीजवळ नेली, बिहीच्या झाडाकडे तोंड आणि चुलीकडे पाठ करोन ठेविली, आणि तीत बसल्या. एक हिरवे जैतून तोंडात टाकिले. बी वाटीत ठेविले. दुसरे घेतले.

तीन वाजोन सव्वीस मिनिटांस सरदारांनी मान वर केली, आणि त्यांस पाठ दिसली.

त्यांनी मान खाली घातली, आणि पुन्हा वर केली, आणि पुन्हा पाठच दिसली. पाठीस कान आहेत परंतु हात कानाकडे जात नव्हते. सरदारांच्या मनात काय आले ते त्यांस स्वतःस सांगता आले नसते. इतकेच की चौकात गाडी भरधाव आहे आणि पायाखाली काही लागत नाही, ऐसा घाम त्यांच्या कपाळी आला. मीठ घालावे की न घालावे? पळी मिठाच्या बरणीकडे गेली, आणि परत आली, आणि पुन्हा गेली.

"घाल घाल," बार्तोलोमेराव म्हणाले.

"किती?"

"अंदाजानं."

"कुणाच्या?"

बार्तोलोमेराव, ज्यांस सर्व ठाऊक, ते बिअरची बाटली शोधू लागले. मग सरदारांनी हयातीत न केलेली गोष्ट केली: चमचा बुडवोन भाताचा रस स्वतः चाखिला. जीभ पोळली. मीठ कमी होते. एक चिमूट घातली, पुन्हा चाखिले, पुन्हा पोळली, आणि आणखी अर्धी घातली. जाळ मोठा वाटला, तो ओढिला. पाणी आटत चालले, भातास भोके पडू लागली, पूर्वेच्या अंगास चर्र ऐसा बारीक आवाज निघू लागला, आणि चर्र म्हणजे खमंग की चर्र म्हणजे करपले, हा प्रश्न उभा राहिला. एकतीस वर्षांत तो प्रश्न त्यांस पडला नव्हता, कारण उत्तर नेहमी आधीच येई.

"पापा, उतरवा ना," आरासेली बोलली.

"दोन मिनिटं राहू दे," बार्तोलोमेराव.

वकील कढईवर वाकोन चर्र ऐकू लागले.

सरदारांनी कढईचे दोन्ही कान फडक्याने धरिले. उचलवेना. सर्वांच्या समक्ष, रानाच्या शांततेत, ते पाठीशी बोलले:

"फुएन्सान्ता, उतरवू का गं?"

बाईंनी तोंडातील बी काढोन वाटीत ठेविले. मागे न पाहता त्या किंचित थांबल्या. चर्र आवाज ऐकिला.

"उतरव."

सरदारांनी उतरविली.

येणेप्रमाणे शनवारी, राफाएलाचे सणाचे दिवशी, तीन वाजोन एकेचाळीस मिनिटांस कढई उतरली. भात मोकळा, दाणा अखंड, मीठ रुपयास पंधरा आणे, बुडाशी पूर्वेकडे तळहाताएवढी खरपूड, करपट नव्हे. मोहीम फत्ते जाहली. टाळ्या वाजविण्याकरिता बार्तोलोमेरावांनी हात उचलिले, आणि आरासेलीने त्यांच्याकडे पाहिले, आणि ते हात खिशात गेले. फत्ते कोणाच्या नावे लिहावी याचा निवाडा दरबारात जाहला नाही, म्हणोन रकाना कोरा ठेविला आहे.

मग सर्व चमचे घेऊन कढईभोवती उभे राहिले. पहिला चमचा रिवाजाने भात करणाराचा. सरदारांनी चमचा पुढे केला, आणि मागे घेतला, आणि बाईंस म्हणाले, "तू घे आधी."

फुएन्सान्ताबाई खुर्चीवरोन उठल्या. कढईशी आल्या. पूर्वेच्या बाजूची खरपूड खरवडोन एक चमचा घेतला, सावकाश चावोन खाल्ला. मीठ किंचित कमी हे त्यांनी ओळखिले आणि मनात ठेविले. भिंतीवरील घड्याळात चार वाजावयास बारा मिनिटे होती, आणि खळ्यापर्यंत चालत दोन. आता एक पाऊल मागे हटण्याची त्यांची पाळी. एकतीस वर्षे त्या हटल्या होत्या. सर्व वाट पाहत उभे राहिले. बाई हटल्या नाहीत. चमचा कढईच्या काठावर ठेविला, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाहोन, खणखणीत आवाजात बोलल्या:

"पुढच्या वर्षी राफाएलला मी इथं नसेन. विसीबरोबर समुद्रावर जाणार आहे. भाताची काळजी नाही, तो तर तूच करतोस."