रंगावर अर्थ लागत न्हाई

गाडी नवी असो की जुनी, माणिकमामा आधी तिचा रंग खरवडतात. तेही मालकाच्या डोळ्यांदेखत. सीटखालचं कार्पेट उचलायचं, पॉलिश पेपर घ्यायचा आणि चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं. परवा निगडीच्या एका गृहस्थांनी हातच धरला. गाडी शोरूममधून येऊन आठ दिवस झाले होते. मामा शांतपणे म्हणाले, "रंगावर अर्थ लागत न्हाई, भाऊ."

अर्थ म्हणजे अर्थिंग. अ‍ॅम्प्लिफायरची लाल वायर बॅटरीला, काळी गाडीच्या उघड्या लोखंडाला. मला ते वाक्य इतकं पेटवून गेलं की आमच्या कंत्राटी कामगारांच्या पत्रकाला मी तेच शीर्षक दिलं. मामांनी पत्रक वाचलं आणि विचारलं, "ह्यात फ्यूजचं कुठं लिवलंय?"

रहाटणीत त्यांचं दुकान आमच्या संघटनेच्या ऑफिसच्या भिंतीला लागून. लोकांच्या गाड्यांत गाणी बसवणारा हा माणूस निम्मा बहिरा आहे. महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, एकोणीस वर्षं काढली. कंपनीनं कान घेतले आणि निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. यावर मी दुसरं पत्रक काढायला निघालो, तर म्हणाले, "काढ की. पण आधी त्या बॅटरीची मायनस वायर काढ."

गाण्याचा ठोका ते दारावर तळवा टेकून ओळखतात. फोनचं तसं नाही. लातूरला नर्सिंग शिकणारी त्यांची सोनी रोज दुपारी फोन करते. मामा "हां, हां" करतात आणि फोन माझ्या हातात देतात. बापाला सांगायचं ते ती मला कशी सांगणार? जेवण झालं, पाऊस नाही, एवढ्यावर फोन संपतो.

म्हणून गेल्या रविवारी मामांनी स्वतःच्या जुन्या व्हॅनमध्ये अ‍ॅम्प बसवला. फोनचा आवाज आता चारी बाजूंनी घुमणार होता. इंजिन चालू केलं, सोनीचा फोन आला, आणि तिच्याऐवजी नुसतं घूं. तिला थांबायला सांगून मामांनी फ्यूज पाहिला, स्पीकर पाहिले. कार्पेटला हात लावेनात. शेवटी मीच ते उचललं. काळी वायर रंगावरच आवळलेली होती.

हिरवा, ब्रशनं मारलेला रंग. मामी याच व्हॅनमधून कंपनीच्या गेटवर झुणका-भाकर विकायच्या. पत्रा गंजायला लागला तेव्हा त्यांनीच तो बसून रंगवला होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. रंगात ब्रशचे केस अजून चिकटलेले होते.

मी माझ्या सगळ्या तत्त्वांसकट बाजूला सरकलो. मामांनी बराच वेळ त्या रंगावरून बोट फिरवलं.

"पोरगी तिचीच हाय," ते म्हणाले, "देईल जागा." आणि कुंकवाएवढा रंग घासला.

घूं थांबलं. व्हॅनभर सोनी बोलू लागली. "पप्पा, आज मी एकटीनं पहिलं इंजेक्शन दिलं. हात जरा पण थरथरला न्हाई."

मी खाली उतरलो. दार लावता लावता मामांचा आवाज आला.

"तुझ्या आईचा पण थरथरायचा न्हाई."

मग ते साफ खोटं बोलले, "नीट ऐकू आलं न्हाई बघ. परत सांग."