वीज न लागणारं दाबयंत्र

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही," पाचोळाशेठ निवड समितीपुढे छाती काढून म्हणाले, "पण असं दाबयंत्र जगात एकच आहे. आणि ते माझ्या घरी आहे!"

पाचोळाशेठ हे नाव गल्लीनं ठेवलेलं. विद्यापीठाच्या हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, झाडंझुडपं गोळा करायची, दाबून वाळवायची, यातच त्यांची हयात गेली होती. आज टेबलावर त्यांचं ऑर्किड होतं. ज्याचा नमुना सरस, तो डोंगरातल्या मोठ्या मोहिमेचा म्होरक्या. गुडघे कुरकुरायला लागले होते; ही संधी हुकली की संपलंच.

खरं काय घडलं ते मात्र समितीला ठाऊक नव्हतं. ऑर्किडचे देठ गुबगुबीत. दाब कमी पडला की काळे पडतात, बुरशी धरते. आणि नेमका शेठच्या दाबफळ्यांचा पट्टा तुटला. गादीखाली ठेवून वर झोपावं, तर शेठ म्हणजे वाळकी काडी. तेवढ्यात बायकोचे भाऊ मुक्कामाला आले. देह दारात मावेना म्हणून ते तिरके होऊन आत आले, आणि शेठचे डोळे लकाकले.

"मेहुणे, चालताना डावीकडे झुकता का हो?"

"नाही बुवा."

"झुकता! मणक्याचं लक्षण आहे. आठवडाभर उताणे पडा. हललात तर माझी जबाबदारी नाही."

मेहुणे घाबरून पडले. पण गादीखालच्या ऑर्किडचे टीपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर सगळंच कुजतं. मग रोज सकाळी शेठ म्हणत, "वळा कुशीवर, पाठ चोळतो." एक हात पाठीवर, दुसरा गादीखाली. मेहुण्यांना त्याची अशी गोडी लागली की ते दुपारीही वळू लागले. शेठ घामाघूम.

त्यात पडून पडून मेहुण्यांची भूक मेली. शेठचं धाबं दणाणलं. वजन उतरलं म्हणजे ऑर्किड गेलं! ते स्वतः ताट घेऊन उशाशी बसू लागले.

"खा हो, एवढा घास घ्या."

"मी तापानं फणफणले होते तेव्हा पाणी तरी विचारलंत का?" दारातून बायको कडाडली.

पण ऑर्किड असं वाळलं की जणू कागदावर रंगवलंय. समितीतल्या विभागप्रमुख बाई भिंगातून बघतच राहिल्या.

"वीज किती लागते हो याला?"

"कणभरसुद्धा नाही. आतून आपोआप गरम राहतं."

"आवाज?"

"रात्री थोडी घरघर. पण दाब कसा, एकसारखा! फक्त वेळच्या वेळी भरपूर इंधन घालावं लागतं."

"कमाल आहे!" बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मोहीम तुमचीच. एकच अट. हे यंत्र डोंगरावर सोबत न्यायचं."

"नेतो की! माझ्या शब्दाबाहेर नाही ते," शेठ दिमाखात म्हणाले.

मागच्या रांगेतली खुर्ची करकरली. पाठ चोळून दिल्याच्या उपकारापोटी मेहुणे मुद्दाम कौतुक बघायला आले होते. ते हळूहळू उभे राहिले.

"भावजी! म्हणजे माझा मणका ठणठणीत होता? आणि सांगून ठेवतो, मी काही डोंगर चढणार नाही!"