पट्टी तीच, वेळ निम्मा

बागबाजारात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे परांजपेकाका सगळं दुप्पट वेगानं ऐकतात. बातम्या, प्रवचनं, मुलाखती, काहीही. एकदा त्यांनी महालयेचा, दुर्गापूजेआधी इथं घराघरांत भक्तीनं ऐकला जाणारा चंडीपाठसुद्धा निम्म्या वेळात उरकला. उघड्या खिडकीतून तो ऐकल्यापासून खालच्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, त्यांच्याशी बोलत नाहीत.

“आवाज चिरकला का? नाही ना?” काका मला म्हणाले. “पट्टी तीच, वेळ निम्मा. मग बिघडलं कुठं?”

गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस वाचलेल्या वेळाचं काय करतो, ते मला कधी कळलं नाही. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही इथं आलो, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. माझं बोलणं लांबलं की ते हवेत बोट फिरवत, “पुढं, पुढं.”

त्यांना पुरून उरणारी एकच, त्यांची साताऱ्याची ताई. तीही एकटीच राहते आणि इतकं भरभर बोलते, की तिच्या निरोपांचा वेग वाढवायची सोयच नाही.

एका रविवारी सकाळी काका अनवाणीच आमच्या दारात आले. “जरा वर चल. ताईचा निरोप आलाय, काही कळत नाही. आता फोनही उचलत नाही.”

मी ऐकला. नुसती धाप, आणि एका दमात सांडलेले शब्द. सुरुवातीचं ‘बाळ्या’, म्हणजे काकांना मारलेली हाक, तेवढं कळलं.

काकांनी निरोप कॉम्प्युटरवर घेतला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं. वेग उतरला, पण आवाजही उतरला. कुणी पुरुष कण्हत असावा तसा.

“काका, शब्द लागतायत का बघू या.”

“ही ताई नव्हे. ती कुठं अक्षरं खाते, ते मला तिच्याच आवाजात कळेल.” त्यांनी पट्टी मूळची ठेवली आणि फक्त लय निम्मी केली.

“न्हाणीत... पडले... उठवत नाही... पुढनं कडी आहे... मागनं पाठव कुणाला...”

काकांनी साताऱ्याला ताईंच्या शेजारच्या कदमांना फोन लावला. “मागच्या दारानं जा. पुढचं फोडत बसू नका. फोन चालू ठेवा.”

पळणारी पावलं ऐकू आली. मग दाराचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

“शुद्धीवर आहेत,” कदम म्हणाले. मागून ताईंचा आवाज सुसाट आला. घरात चपला घालून आल्याबद्दल त्या कदमांना रागावत होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. काकांनी दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट काढलं. संध्याकाळी मी जेवण घेऊन वर गेले, तेव्हा हॉस्पिटलमधून ताईंचा फोन आला होता. औषधानं त्यांची जीभ जड झाली होती. दोन शब्दांच्या मध्ये मोठी शांतता पडत होती.

“झोप येतेय रे... ठेवू का?”

“तू झोप,” काका म्हणाले. “फोन राहू दे उशाशी.”

मी डबा टेबलावर ठेवला. काकांनी डोळे मिटले होते. फोनमधून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि ते तो ऐकत बसले होते.